सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या व्हायरसचं औषध चालू असताना पांढऱ्या पेशी उतरल्या: व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर कमी करायचं का?

लालबाग_जीपी

किडनी ट्रान्सप्लांटला साडेचार महिने झालेला रुग्ण. पुरुष, वय ४१, वजन ५८ किलो. ऑपरेशनच्या वेळी एटीजी (प्रतिकारशक्ती जोरात दाबणारं इंजेक्शन) दिलेलं. सीएमव्ही होऊ नये म्हणून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ४५० मिलिग्रॅम रोज एक, असं तीन महिने चाललं आणि बंद झालं. त्यानंतर सहा आठवड्यांनी ताप १००.८, दिवसाला सहा-सात पातळ जुलाब, जेवण जात नाही. टीएलसी (एकूण पांढऱ्या पेशी) २६००. सीएमव्ही पीसीआर (रक्तातल्या व्हायरसची मोजणी) १८,४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक). ट्रान्सप्लांट टीमने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ४५० सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. सोबत, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून, टॅक्रोलिमस (टॅक्रो), मायकोफेनोलेट सोडियम ७२० दोनदा आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) ७.५; शिवाय न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या संसर्गाला आड म्हणून सेप्ट्रान सिंगल स्ट्रेंथ रोज एक.

आठव्या दिवशी टीएलसी २१००, त्यात न्यूट्रोफिल ५२ टक्के. घराजवळच्या एका दवाखान्यात त्यांना व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर दिवसातून एकदाच घ्यायला सांगितलं गेलं. बाराव्या दिवशी सोयीची म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये पीसीआर केली, ती २१,००० आली. क्रिएटिनिन (हे वाढलं म्हणजे किडनी मंदावली) १.२ होतं ते १.७. रक्तातली टॅक्रो लेव्हल १४.२. ताप उतरलाय, जुलाब तीन-चारवर आलेत.

ट्रान्सप्लांट ओपीडीची तारीख परवाची आहे, त्याआधी आज संध्याकाळी ते माझ्याकडे येतील. गोळी एकच ठेवायची की पुन्हा दोन? आकडा वाढला म्हणजे औषध लागू पडत नाही, असं समजायचं का? आणि क्रिएटिनिन वाढलंय ते व्हायरसमुळे की टॅक्रोमुळे, हे आजच्या आज कसं ओळखू?

---

परळ_नेफ्रो

डॉक्टर, परवापर्यंत थांबू नका. आत्ताच टीमच्या कोऑर्डिनेटरला फोन लावा आणि गोळी आज रात्रीपासून पुन्हा दोनदा करण्याबद्दल बोलून घ्या. का ते सांगतो.

व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचा डोस किडनी ठरवते, पांढऱ्या पेशी नाही. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने हिशेब करा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. बाई असेल तर येणाऱ्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं. तुमच्या रुग्णाचं ९९ गुणिले ५८ भागिले १२२.४, म्हणजे साधारण ४७. हा किडनीचा क्लिअरन्स, म्हणजे रक्त गाळण्याचा वेग. उपचाराचा डोस ६० आणि त्यावर असेल तर ९०० दोनदा, ४० ते ५९ मध्ये ४५० दोनदा, २५ ते ३९ मध्ये ४५० रोज एकदा, १० ते २४ मध्ये ४५० एक दिवसाआड. म्हणजे आजच्या १.७ क्रिएटिनिनला ४५० दोनदा हाच बरोबर डोस आहे. ४५० एकदा हा ४७ च्या किडनीसाठी उपचाराचा डोसच नाही, प्रतिबंधाचा आहे. अंगात व्हायरस वाढत असताना प्रतिबंधाचा डोस देणं सगळ्यांत वाईट. व्हायरस मरत नाही आणि औषधाची मात्र त्याला ओळख होते. यूएल९७ या जनुकात बदल होऊन रेझिस्टन्स येतो तो बहुतेक अशाच अर्धवट डोसमधून.

वजन विसरू नका. लॅबच्या कागदावर छापलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याचा अंदाज) वजन बघत नाही. हाच माणूस ४६ किलोचा असता तर त्याच १.७ क्रिएटिनिनला आकडा ३७ आला असता आणि मग ४५० एकदा हाच योग्य डोस ठरला असता. कागदावरच्या ईजीएफआरवरून डोस काढला की आपल्याकडच्या किरकोळ अंगाच्या माणसांत हमखास जास्त जातो, आणि मग पेशी पडल्या म्हणून घाईघाईने कमी केला जातो.

आता पेशी. २१०० चे ५२ टक्के म्हणजे एएनसी (न्यूट्रोफिल पेशींची संख्या) १०९० च्या आसपास. हा आकडा लक्ष ठेवण्याचा आहे, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरला हात लावण्याचा नाही. पेशी पाडणारी इथे चार कारणं एकाच वेळी बसली आहेत: सीएमव्ही स्वतः, मायकोफेनोलेट, सेप्ट्रान आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर. पहिली कात्री मायकोफेनोलेटला. अर्धं करायचं की काही दिवस पूर्ण थांबवायचं ते टीम ठरवेल; एटीजीनंतरचे पहिले सहा महिने आहेत, रिजेक्शनची (शरीराने किडनी नाकारण्याची) भीती खरी आहे, त्यामुळे हे फोनशिवाय करू नका. पण ते कमी केलं की पेशी सावरतात, शरीराची व्हायरसशी लढण्याची ताकद वाढते आणि जुलाबही कमी होतात, कारण मायकोफेनोलेट स्वतःच जुलाब लावतं. त्यानंतर सेप्ट्रान. ते थांबवलं तर न्यूमोसिस्टिसला आड काय, हा प्रश्न लगेच सोडवावा लागतो. पर्याय डॅप्सोनचा, पण त्यासाठी आधी जी६पीडी (हे एन्झाइम कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात) बघावं लागतं. नाहीतर महिन्यातून एकदा पेंटामिडिन ३०० मिलिग्रॅमची वाफ. पेशी तरीही उतरत राहिल्या तर फिलग्रास्टिम (पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) ३०० मायक्रोग्रॅम कातडीखाली. एएनसी १००० च्या खाली आली की बऱ्याच टीम त्याचा विचार सुरू करतात. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर थांबवायची वेळ येते ती एएनसी ५०० च्या खाली गेल्यावर, किंवा प्लेटलेट २५,००० च्या खाली किंवा हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेल्यावर. स्टिरॉइड मात्र कोणत्याही परिस्थितीत अचानक बंद करायचं नाही.

जुलाबाबद्दल एक. गोळी पोटात टिकून रक्तात जातेय याची खात्री नसेल, उलट्या असतील, किंवा माणूस खचत चालला असेल तर गोळीवर भिस्त ठेवायची नाही. भरती करून गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून. पूर्ण डोस ५ मिलिग्रॅम प्रति किलो दर १२ तासांनी, पण तो क्लिअरन्स ७० आणि वर असेल तर. २५ ते ४९ मध्ये २.५ मिलिग्रॅम प्रति किलो दिवसातून एकदाच. म्हणजे यांना १४५ मिलिग्रॅम, १०० मिली सलाइनमधून, पूर्ण एक तास घेऊन. द्रावण फार अल्कधर्मी असतं, मनगटावरच्या बारीक शिरेत दिलं तर शीर जळते. मोठी शीर घ्यायची.

---

पीसीआर_बेंच

२१,००० या आकड्याने घाबरू नका आणि त्याच्यावर विसंबूही नका. पहिला नमुना प्लाझ्माचा (पेशी वेगळ्या केलेलं रक्त) होता का होल ब्लडचा (पेशींसकट पूर्ण रक्त), हे दोन्ही रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. होल ब्लडमध्ये पेशींच्या आतला व्हायरसही मोजला जातो, त्यामुळे आकडा सहसा प्लाझ्मापेक्षा मोठा येतो. पहिला प्लाझ्मात आणि दुसरा होल ब्लडमध्ये असेल तर प्लाझ्मात व्हायरस खरंतर उतरलेलाही असू शकतो. आययूमध्ये मोजूनही एका लॅबचं यंत्र आणि किट दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही.

दोन्ही नमुने एकाच प्रकारचे, एकाच लॅबचे असते तरी हा फरक फरक नव्हता. लॉगच्या मापात (एक लॉग म्हणजे दहापट) १८,४०० म्हणजे ४.२६ लॉग, २१,००० म्हणजे ४.३२ लॉग. अर्ध्या लॉगच्या आतला, म्हणजे तिपटीच्या आतला चढ-उतार हा चाचणीचाच डगमगता भाग धरायचा. १८,४०० चे ६०,००० झाले तर वाढला म्हणा, ६,००० झाले तर उतरला म्हणा. मधल्या आकड्यांवर डोस बदलू नका.

यापुढे एकच लॅब, एकच प्रकारचा नमुना, आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी. ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी, सकाळी लवकर, कारण प्लाझ्मा त्याच दिवशी वेगळा व्हायला हवा. पावसाळ्यात रुळांवर पाणी आलं की कलेक्शन सेंटरची दुपारची पिशवी मुख्य लॅबला रात्री पोचते. म्हणून दुपारनंतरचा नमुना मी तरी टाळायला सांगेन.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आकडा थोडा वर गेला तरी ते अपयश नव्हे. बरोबर डोस पूर्ण दोन आठवडे देऊनही आकडा एक लॉगने, म्हणजे दहापटीने उतरला नाही तर मग रिफ्रॅक्टरी (औषधाला दाद न देणारा) म्हणायचं आणि यूएल९७ व यूएल५४ या जनुकांची रेझिस्टन्स चाचणी पाठवायची. तुमच्या रुग्णाला ४५० दोनदा हा डोस मिळाला तो आठच दिवस. घड्याळ आजपासून पुन्हा शून्यावर.

सीएमव्हीचं आयजीएम, आयजीजी (अँटिबॉडीच्या चाचण्या) कुणी लिहून दिलं तर पैसे घालवू नका. ट्रान्सप्लांटनंतर आजार ओळखायला त्याचा उपयोग नाही. आयजीजीचं काम ऑपरेशनच्या आधी, डोनर आणि रुग्णाचा धोका ठरवायला. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: आतड्यातला सीएमव्ही असताना रक्तातली पीसीआर निल येऊ शकते. पीसीआर निल आणि जुलाब चालूच, तर कोलोनोस्कोपी करून बायोप्सी.

---

औषधखिडकी

टॅक्रोच्या १४.२ वर काही ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देण्याआधी घेतली की नंतर? लेव्हल ट्रफ असायला हवी, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीला १२ तास झालेले आणि सकाळची अजून पोटात नाही. रात्री ९ ला गोळी असेल तर रक्त सकाळी साडेआठ ते नऊच्या दरम्यान. कल्याण-विरारहून लोकलने येणारे लोक घरातून निघतानाच सगळ्या गोळ्या घेऊन टाकतात आणि साडेदहाला रक्त देतात. तो आकडा कशाचाच नसतो. सकाळच्या गोळ्या छोट्या डबीत सोबत न्यायच्या आणि सुई टोचून कापूस दाबला की तिथेच घ्यायच्या, असं सांगितलं की चुकत नाही.

वेळ बरोबर असेल तर १४.२ खरी आहे आणि तिचं कारणही समोर आहे. जुलाब लागले की टॅक्रोची लेव्हल वाढते, कारण आतड्याच्या अस्तरात जे टॅक्रो मोडलं जातं ते मोडणंच कमी होतं. बाकी औषधांसारखं जुलाबात वाहून जाऊन ते कमी होत नाही, उलट होतं. टॅक्रो वाढलं की किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यात अंगातलं पाणी कमी, म्हणून क्रिएटिनिन वर. मग त्या क्रिएटिनिनमुळे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर अंगात साठतं आणि पेशी उतरतात. तुमच्या रुग्णात हा धागा सरळ दिसतोय. मधेच कुणी घसा दुखतो म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन किंवा तोंड आलं म्हणून फ्लुकोनॅझोल दिलं का तेही विचारा, दोन्ही टॅक्रो चढवतात. अँटिबायोटिक द्यायचंच असेल तर अझिथ्रोमायसिनने टॅक्रोवर तेवढा परिणाम होत नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. गुळवेलीचा काढा चालू आहे का हे मुद्दाम, नाव घेऊन विचारा. लोक त्याला औषध समजत नाहीत म्हणून सांगत नाहीत. प्रतिकारशक्ती चाळवणारी गोष्ट या माणसाला नको आहे, आणि गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवलेत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. स्ट्रिप हातात घेऊन बघा. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर ही नावं घाईच्या अक्षरात सारखी दिसतात. व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या ५०० किंवा १००० मिलिग्रॅमच्या, नागिणीसाठी. नागिणीच्या डोसमध्ये ती सीएमव्हीचा उपचार करत नाही. स्ट्रिपवर ४५० दिसलं पाहिजे.

गोळी जेवणासोबत घ्यायची, रिकाम्या पोटी शोषण घटतं. तोडायची नाही, कुटायची नाही. घरात गोळी तुटली तर पूड हाताला लागू द्यायची नाही, लागलीच तर साबण-पाण्याने धुवायची, आणि गरोदर बाईने तर त्या गोळ्यांना हात लावू नये. गर्भाला धोका आहे. पुरुषाने औषध चालू असताना आणि संपल्यावर ९० दिवस कंडोम वापरायचा, बाईने औषध चालू असताना आणि नंतर किमान ३० दिवस गर्भनिरोधक. हे सांगताना डॉक्टर संकोचतात आणि खिडकीवर आम्हीही. पण सांगायला हवं.

---

लालबाग_जीपी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवले: पहिला प्लाझ्मा, दुसरा होल ब्लड. टॅक्रोचं रक्त गोळी घेऊन दीड तासाने दिलेलं. टीमशी बोलणं झालं: व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ४५० दोनदा, मायकोफेनोलेट ३६० दोनदा, उद्या सकाळी गोळीआधी टॅक्रो आणि पहिल्याच लॅबमध्ये प्लाझ्मा पीसीआर. टॅक्रोचा डोस त्या लेव्हलनंतरच.

उरलेलं विचारतो. औषध किती दिवस? क्रिएटिनिन खाली आलंच नाही तर? आणि सध्या पाऊस चालू आहे. यांना पुन्हा ताप आला तर सीएमव्ही धरून बसायचं का?

---

परळ_नेफ्रो

दिवस मोजून थांबवायचं नाही. कमीत कमी दोन आठवडे, पण त्यासोबत त्रास पूर्ण गेलेला आणि पीसीआर मोजण्याच्या पातळीखाली. काही टीम असे दोन रिपोर्ट एका आठवड्याच्या अंतराने मागतात. आतड्याच्या आजारात घाई केली की परत येतो. नंतर काही ठिकाणी एक ते तीन महिने प्रतिबंधाचा डोस देतात, काही ठिकाणी फक्त पीसीआरवर नजर ठेवतात. यांना एटीजी मिळालेलं आहे, त्यामुळे मायकोफेनोलेट पुन्हा वाढवल्यानंतरचे आठवडे जपायचे. आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात सीएमव्ही आधीपासून असतो, म्हणून तीन महिन्यांचा प्रतिबंध रूढ आहे. डोनर पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह असेल तर मात्र किडनीत २०० दिवस. प्रतिबंध थांबवल्यानंतरचे तीन महिने हाच खरा धोक्याचा काळ, आणि नेमके तेव्हाच रुग्ण ट्रान्सप्लांट ओपीडीपेक्षा तुमच्याकडे जास्त येतात.

क्रिएटिनिन. टॅक्रो जागेवर आलं, जुलाब थांबले, अंगात पाणी भरलं आणि तरी १.७ च राहिलं तर दोन गोष्टी डोक्यात: रिजेक्शन आणि बीके व्हायरस (हा नव्या किडनीलाच इजा करतो). बीकेची पीसीआर प्लाझ्मात करा, लघवीतली मोठी संख्या एवढ्याने घाबरायचं नाही. प्लाझ्मात १०,००० कॉपीच्या वर टिकून असेल तर किडनीत पोचलाय असं धरून चालतात आणि बायोप्सीत एसव्ही४० चा स्टेन (बीके दाखवणारा रंग) करतात. त्यावर खात्रीचं औषध नाही. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर बीकेला लागू पडत नाही, लिव्होफ्लॉक्सासिनचाही उपयोग नाही. इम्युनोसप्रेशन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) पायरीपायरीने उतरवणं हाच उपचार. आणि म्हणूनच बायोप्सी आधी हवी: रिजेक्शन असेल तर औषध वाढवायचं, बीके असेल तर कमी करायचं. अंदाजाने केलं तर किडनी जाते.

सीएमव्हीत रेझिस्टन्स निघालाच तर फोस्कार्नेट हे दुसरं औषध आहे, पण ते किडनीवर जड. मॅरिबाव्हिरला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, पेशी पाडत नाही. टॅक्रो मात्र चढवतं. तो निर्णय टीमचा.

---

साथरोग_मुंबई

तापाबद्दल. १००.४ च्या वर गेला की त्याच दिवशी तपासणी, "दोन दिवस बघू" नाही. जुलै ते ऑक्टोबर मुंबईत ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला ताप म्हणजे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि सीएमव्ही हे सगळे एका रांगेत. पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरणं डेंग्यूतही होतं, सीएमव्हीतही आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरनेही. म्हणून पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१, मलेरियाचा स्मिअर, सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन, ब्लड कल्चर आणि सीएमव्ही पीसीआर एकत्रच पाठवा. पाचव्या दिवसानंतर डेंग्यूचं आयजीएम. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने नवी किडनी दुखावते, आणि प्लेटलेट कमी असताना कमरेत इंजेक्शन नको. साचलेल्या पाण्यातून चालत गेले असतील तर ७२ तासांच्या आत, लेप्टो टाळण्यासाठी, डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारणा करायची. पायाला जखम असेल तर आधी.

व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर उपचाराच्या डोसमध्ये चालू आहे तोवर नागीण आणि हर्पीसपासून संरक्षण आहे, वेगळं असायक्लोव्हिर जोडू नका. ते बंद झालं की हे संरक्षणही जातं. मग अंगावर एका पट्ट्यात जळजळ सुरू झाली तर फोड येण्याची वाट न बघता दाखवायचं. खोकला-सर्दीसोबत ताप असेल तर इन्फ्लुएन्झाची चाचणी आणि ऑसेल्टामिव्हिर, ४८ तास उलटले असले तरी. यांच्या ४७ क्लिअरन्सला ७५ नाही, ३० मिलिग्रॅम दोनदा.

घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का विचारा. तोंडातून द्यायच्या पोलिओ लसीचा जिवंत व्हायरस बाळाच्या शीतून बाहेर पडतो. अशा घरात इंजेक्शनची पोलिओ लस द्यायला बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवायचं, आणि लंगोट बदलण्याचं काम रुग्णाने करायचं नाही. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी मुलांना जरूर द्या. रुग्णाला स्वतःला मात्र कोणतीही जिवंत लस नाही, नाकात मारायची फ्लूची लसही नाही.

---

लालबाग_जीपी

घरी तीन वर्षांची नात आहे. पुढची पल्स पोलिओची फेरी येण्याआधी तिच्या डॉक्टरांशी बोलतो. सीबीसी आणि क्रिएटिनिन आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार, असं ठरवलंय. पीसीआर दर सोमवारी.

---

परळ_नेफ्रो

चांगलं. गुरुवारचं क्रिएटिनिन आलं की तोच हिशेब पुन्हा मांडा. १.५ ला आकडा ५३ येतो, ४५० दोनदा तसंच राहील. पण १.३ ला ६१ येतो, आणि ६० ओलांडलं की उपचाराचा डोस ९०० दोनदा होतो. इथेच सगळ्यात जास्त चुकतं: किडनी सावरते, सगळे खूश होतात आणि गोळी मात्र जुन्या डोसवरच राहते. १.३ दिसलं की त्याच दिवशी सीबीसी हातात घेऊन टीमला फोन करा.